वंशवृक्षावर सोबत काम करणाऱ्यांशी आपलं नातं कसं शोधायचं? (बडोदे–ग्वाल्हेर)

रावपुरा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं मी विकीट्रीवर आमच्या घराण्याची माहिती भरतो आहे. ज्यांना ही साइट माहीत नाही त्यांच्यासाठी: ती २००८ सालापासून चालू आहे आणि तिथे प्रत्येकाचं वेगळं झाड नसतं, सगळ्यांचं मिळून एकच. माझे पणजोबा आणखी कुणाचे पणजोबा असतील, तर पान एकच असायचं आणि दोघांनी मिळून त्यावर काम करायचं. त्यामुळे हळूहळू अनोळखी माणसांशी पत्रव्यवहार सुरू होतो. कुणी तिथी दुरुस्त करून देतं, कुणी गावाचं नाव.

तशाच ओळख झालेल्या ग्वाल्हेरच्या एक ताई आहेत. माझ्याहून बऱ्याच मोठ्या. वर्षभर आम्ही एकमेकांना शके, संवत, गोत्र विचारत आलो. मागच्या आठवड्यात मी साइटवरचं नातं शोधायचं साधन उघडून त्यांचा आणि माझा क्रमांक टाकला. उत्तर आलं: समान पूर्वज नाही. दुसरं एक साधन लग्नसंबंधांवरूनही वाट काढतं. त्यात २१ पायऱ्यांची वाट निघाली, इंदूरच्या दोन घराण्यांतून वळसा घेऊन.

पण माझं मन मानत नाही. कारण सांगतो.

आईच्या आजीचं माहेर बडोद्याचंच, दांडिया बाजारातलं. त्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यात तिच्या वडिलांच्या नावाखाली चार मुलगे नावानिशी, जन्मसालासह, आणि शेवटी एक ओळ: कन्या दोन, एक बडोद्यास दिली, एक ग्वाल्हेरास. नावं नाहीत. बडोद्यास दिलेली ती आईची आजी. दुसरीबद्दल पुस्तक एवढंच सांगतं. आईला मात्र आठवतं, तिच्या लहानपणी घरी 'लष्करच्या मावशीचं' (लष्कर म्हणजे ग्वाल्हेर शहराचाच एक भाग) पत्र यायचं आणि आजी (म्हणजे आईची आई) ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवायची. त्या मावशीचं नाव एका नदीचं होतं. घरातल्या एका जुन्या वहीत तिच्या लग्नाचं सालही आहे, संवत १९६३, वैशाख.

आता ग्वाल्हेरच्या ताईंची आजी. तिचं नाव देवीचं, सासर लष्करात, आणि पानावर माहेरची जागा रिकामी. ताई म्हणतात, 'ती बडोद्याकडची होती असं ऐकलंय.' एवढाच धागा हातात आहे. नदीच्या नावाची ती मुलगी आणि देवीच्या नावाची ही सून एकच, हे सिद्ध कसं करायचं?

---

राजवाडा इंदूर | सोमवार, रात्री ११.०५

फार महत्त्वाचा धागा काढलात. वाचनखूण साठवली.

दहा वर्षांच्या अनुभवावरून सांगते. आपल्या लोकांची नाती मुलींवरूनच जुळतात आणि मुलींवरच तुटतात. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव कागदावरून गेलं. आडनाव बदललं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, पहिलं नावही बदललं. एकाच बाईची दोन पानं होतात: माहेरच्या झाडावर नवरा नसलेली लेक आणि सासरच्या झाडावर आईबाप नसलेली सून. साइटला कसं कळणार, दोघी एकच आहेत म्हणून? ती २१ पायऱ्यांचा वळसा दाखवते, कारण जवळची वाट याच दोन पानांच्या मधे तुटलेली असते.

आणि बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास या संस्थानांतली मराठी घरं मुली द्यायची ती बरीचशी एकमेकांतच. होळकरांचं बस्तान १८१८ नंतर इंदुरात बसलं, शिंद्यांचं लष्कर त्याआधी आठेक वर्षं ग्वाल्हेरला स्थिरावलं, गायकवाडांचं बडोदे तर त्याहून जुनं. दक्षिणेतलं मूळ गाव दूर पडलं आणि सोयरिकी आपसांत होत गेल्या. म्हणून तुमचा अंदाज मला पटतो.

विकीट्रीवर जन्मावेळचं आडनाव आणि आत्ताचं आडनाव असे वेगळे रकाने आहेत, टोपणनावांसाठीही एक आहे. सासरचं नाव त्यात लिहून ठेवा, उद्या शोधणाऱ्याला ते सापडेल.

पण पानं एक करण्याची घाई करू नका. आमच्या झाडावर (साइट दुसरी होती) कुणीतरी आजोबा आणि नातू एक करून टाकले. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे एक पिढी सोडून नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं तेच. दोघांमधे साठ वर्षांचं अंतर, पण साल कुणी पाहिलं नाही. त्याखालची सगळी नाती बिघडली आणि ती सोडवायला मला आख्खा चातुर्मास लागला.

---

कारेलीबाग | मंगळवार, सकाळी ७.२०

इंदूरच्या ताईंना +१.

रावपुरा, त्या ताईंच्या घरी पक्ष होतो का, ते विचारा. महालयात फक्त वडिलांकडच्या तीन पिढ्या घेत नाहीत. आईच्या वडिलांकडच्याही घेतात: मातामह, मातुःपितामह, मातुःप्रपितामह, गोत्रासकट. म्हणजे त्यांचे वडील पक्ष करत असतील तर त्यांनी दरवर्षी आपल्या आईच्या वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचं नाव उच्चारलंय. देवीच्या नावाच्या आजीचं पूर्ण माहेर तिथे आहे! गुरुजींसाठी नावांची याद बहुतेक घरांत पोथीत ठेवलेली असते.

आणि घराण्यातलं कुणी सिद्धपूरला मातृश्राद्ध करून आलं असेल तर त्या वेळची यादही पाहा. आई, आजी, पणजी यांची नावं तिथे एका ओळीत येतात. छापील कुलवृत्तांतांनी ज्या बायका गाळल्या, त्या मला तरी श्राद्धाच्या यादीतच सापडल्या.

---

लष्करची लेक | मंगळवार, दुपारी ३.१५

नमस्कार. ती ग्वाल्हेरची ताई मीच. रावपुरा यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून इकडे बोलावलं. टायपिंग हळू होतं, समजून घ्या.

कारेलीबाग, तुमचा प्रतिसाद वाचला आणि लागलीच भावाला फोन केला. सध्या पितृपक्षच चालू आहे, तेव्हा याद देव्हाऱ्याजवळच होती. वडिलांच्या हातची आहे, शाईच्या टाकाने लिहिलेली. भाऊ दरवर्षी गुरुजींच्या हातात देतो. त्यात आपल्या आजीचं माहेर आहे हे आम्हा दोघांच्याही कधी ध्यानात आलं नाही.

मातामहांच्या खाली तीन नावं आहेत. पहिलं गणपतीचं, दुसरं विष्णूचं, तिसरं पुन्हा गणपतीचं. शेजारी गोत्र. रावपुरा यांना फोटो पाठवला आहे.

वडिलांच्या वहीत आजी-आजोबांच्या लग्नाची नोंदही मिळाली. महिना वैशाखच, पण संवत १९६४ लिहिलंय. तुमच्याकडे १९६३ आहे ना? माझं मन थोडं खट्टू झालं.

---

रावपुरा | मंगळवार, रात्री ८.३०

फोटो पाहिला. कुलवृत्तांत शेजारी उघडून ठेवला होता. आईच्या आजीचे वडील, आजोबा, पणजोबा: गणपती, विष्णू, गणपती. गोत्रही तेच. आईला वाचून दाखवलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही.

---

नोंदवही | मंगळवार, रात्री १०.५०

मंडळी, आनंद समजतो, पण इथे थांबायला हवं.

ही तिन्ही नावं आपल्याकडे घरोघरी सापडतात. एका गोत्रात कितीतरी आडनावं असतात, त्यामुळे गोत्र जुळलं म्हणजे घराणं जुळलं असं होत नाही. शिवाय यादीत आडनाव नाही आणि लग्नाच्या सालात एक वर्षाचा फरक पडतोय. पुरावा बऱ्यापैकी आहे, पुरेसा नाही. विकीट्रीवर आईबापांशी असलेलं नातं 'अनसर्टन', म्हणजे अनिश्चित, म्हणून नोंदवता येतं. तूर्त तेवढंच करा. दोन पानं एक असण्याची शक्यता वाटते पण खात्री नाही, यासाठीही तिथे 'अनमर्ज्ड मॅच' अशी खूण आहे. ती करून ठेवा म्हणजे तिसरा कुणी येऊन घाईने पानं एक करणार नाही.

मला हवा आहे तो असा एक कागद, ज्यात माहेर आणि सासर दोन्ही एकत्र येतात.

---

पागेवाला | बुधवार, सकाळी ९.१०

मीही बडोद्याचाच, पण आमची तऱ्हा वेगळी. आमच्यात छापील कुलवृत्तांत नाही. पूर्वज गायकवाडांच्या पागेत होते. वंशावळ सांगायला भाट यायचे, आजोबांनी त्यांना शेला दिलेला मी पाहिला आहे. इथल्या गुजराती समाजात हेच काम वहीवंचा बारोट करतात. त्यांच्याही वह्यांत मुलगे पिढीजात आणि मुली क्वचितच.

माझा अनुभव थोडा निराळा आहे म्हणून लिहितो. आमच्यात मामाची मुलगी करण्याची रीत होती. साटंलोटंही व्हायचं. त्यामुळे झाडावर सोबत काम करणाऱ्या एका सरदार घराण्यातल्या गृहस्थांशी माझं नातं शोधलं तर चार वाटा निघाल्या. एकीने ते माझे चुलते, दुसरीने आतेभाऊ, बाकीच्या दोन लांबच्या. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या जागा १०२४ होतात, पण आमच्या झाडावर त्या जागांवर पुन्हा पुन्हा तीच माणसं दिसतात. तेव्हा एक वाट सापडली म्हणून शोध थांबवू नका.

दत्तकाचंही तसंच. इथल्या गादीचंच उदाहरण घ्या. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली दत्तक आले आणि सयाजीराव झाले. आमच्याही घरात दोन पिढ्यांत दोन दत्तक आहेत. जन्मदाते आईबाप लिहायचे की दत्तक घेणारे, यावरून माझा आणि त्या गृहस्थांचा महिनाभर वाद चालला. शेवटी दोन्ही नोंदवले आणि कुठलं नातं रक्ताचं, कुठलं दत्तकाचं ते पानावर स्पष्ट लिहिलं. माझ्या पणजोबांनी ज्यांना बाप मानून अग्नी दिला, त्यांना झाडावरून काढायला माझा हात धजला नसता.

---

लष्करची लेक | गुरुवार, दुपारी १.००

नोंदवही यांचं म्हणणं मला पटलं. म्हणून काल भावाकडे जाऊन आजीची संदूक उघडली. त्यात एक शालू आहे, शालूच्या घडीत कागद होते. बरेचसे मोडीत. आम्हाला मोडी येत नाही. एका कागदाच्या वरच्या कोपऱ्यात कुंकवाचे डाग आहेत. इथे कुणाला वाचता येईल का?

---

मोडीवाचक | गुरुवार, रात्री ९.४५

ताई, तुम्ही व्यनिने पाठवलेले फोटो पाहिले. अक्षर वळणदार आहे, फारसं अडलं नाही.

कुंकू लावलेला कागद म्हणजे वधूपित्याने लष्करातल्या व्याह्यांना लिहिलेलं पत्र आहे. मुक्काम बडोदे. मिती वैशाख शुद्ध, शके १८२९, म्हणजे मे १९०७. खाली पूर्ण नाव: स्वतःचं गणपतीचं, वडिलांचं विष्णूचं, आणि आडनाव. मुलीचा उल्लेख 'चि. सौ. कां.' करून केला आहे आणि पुढे नाव नदीचं. वऱ्हाड कोणत्या दिवशी निघावं, सोबत किती माणसं असतील, उतरायची सोय कुठे, हा मजकूर. शेवटी एक वाक्य आहे त्याचा भावार्थ सांगतो: मुलगी लहान आहे, अंधाराला भिते, रात्री दिवा ठेवावा.

आता सालाचं. इथे चूक कुणाचीच नाही. गुजरातेत विक्रम संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतं, उत्तरेत ते चैत्रात बदलतं. वैशाख १९०७ मधे ग्वाल्हेरला संवत १९६४ लागलेलं होतं, बडोद्यात अजून १९६३ चालू होतं. लग्न एकच, दोन घरांनी आपापल्या रीतीने लिहिलं. चैत्र ते दिवाळी या काळातल्या नोंदींत हा फरक नेहमी पडतो. गुजरातेतली त्या काळातली नोंद असेल तर ५७ नाही, ५६ वजा करायचे. शकाचं तसं नाही, तो दोन्हीकडे चैत्रातच बदलतो. म्हणून ज्या कागदावर शके आहे त्यावर भिस्त ठेवावी.

बाकीचे कागद दुकानाच्या हिशेबाचे आहेत, तेही जपून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडात ठेवा.

---

नोंदवही | गुरुवार, रात्री १०.२०

माझी शंका फिटली. बडोद्याकडे नदीच्या नावाची मुलगी ग्वाल्हेरास दिल्याची नोंद आणि आठवण, ग्वाल्हेरकडे मातामहांची याद, आणि दोन्ही टोकं जोडणारं पत्र. संवताचा फरकसुद्धा उलट उपयोगी पडला, कारण दोन्ही वह्या एकमेकींवरून उतरवलेल्या नाहीत हे त्यातून दिसतं.

पानं एक करा. बडोद्याच्या पानाचं आडनाव जन्माचं म्हणून तेच राहू द्या. पत्राचा फोटो आणि वाचन दोन्ही पानावर जोडा. जन्माला १५० वर्षं किंवा मृत्यूला १०० वर्षं होऊन गेली असली तर विकीट्रीवर पान सर्वांना खुलं असतं. या आजींचं अजून तेवढं झालेलं नाही, तेव्हा कोणाला काय दिसावं ते तुम्ही दोघं बोलून ठरवा. हयात माणसांची नावं मात्र उघडी ठेवू नका.

---

रावपुरा | शुक्रवार, सकाळी ६.५०

रात्री ताईंनी त्यांच्याकडून मंजुरी दिली. पानं एक झाली.

आत्ता पुन्हा आमच्या दोघांचे क्रमांक टाकले. २१ पायऱ्या गेल्या. समान पूर्वज म्हणून दांडिया बाजारातलं ते जोडपं आलं आणि खाली नातं: 'सेकंड कझिन वन्स रिमूव्हड'. हे मराठीत कसं सांगायचं? आई सकाळपासून विचारते आहे, 'म्हणजे ती माझी कोण?'

---

राजवाडा इंदूर | शुक्रवार, सकाळी ८.१५

डोळे भरून आले वाचताना. अभिनंदन दोघांचं.

हिशेब सोपा आहे. त्या जोडप्यापासून दोन्हीकडे पिढ्या मोजा. ताईंच्या बाजूला आजी, वडील, ताई: तीन. तुमच्या बाजूला पणजी, आजी, आई, तुम्ही: चार. लहान आकड्यातून एक वजा करायचा, तीनातून एक गेला म्हणजे सेकंड. दोन आकड्यांतला फरक एक, म्हणजे वन्स रिमूव्हड. फरकाचा अर्थ एवढाच की एक जण एका पिढीने वर आहे.

पण आपण अशी मोजणी करत नाही, आपण कोण कुणाचं ते सांगत जातो. तुमची आजी आणि ताईंचे वडील सख्खी मावसभावंडं. त्यांच्या मुली म्हणजे तुमची आई आणि ताई. तेव्हा आईला सांगा, ती तुझ्या आईच्या मावसभावाची मुलगी, तुझी बहीण. आणि तुमची मावशी.

सुतकात हे नातं धरत नाहीत. सापिंड्य, समानोदक ही सगळी मोजणी पुरुषांवरून चालते, सातव्या पिढीपर्यंत, चौदाव्यापर्यंत. मुलीची लेकरं आणि त्यांची लेकरं त्यात येत नाहीत. मला ते कधी पटलं नाही.

---

लष्करची लेक | शुक्रवार, सकाळी ११.३०

मला आता अहोजाहो करू नकोस हं. आणि ताई तर मुळीच नाही.

एक सांगायचं राहिलं. आजी दारापुढच्या कट्ट्याला ओटला म्हणायची आणि गल्लीला पोळ. लष्करात असं कुणीच म्हणत नाही. आम्ही मुलं तिचे शब्द ऐकून हसायचो, ती रागवायची नाही, पण दुरुस्तही करायची नाही. शेवटपर्यंत ओटलाच म्हणाली. आज कळलं की ती आमच्या दारात बसून दांडिया बाजारातल्या दाराचं नाव घेत होती.

दिव्याचं ते वाक्य मी भावाला वाचून दाखवलं. आमच्या घरी आजीच्या खोलीत रात्रभर समई असायची. ती गेल्यावरही वडिलांनी कधी मालवू दिली नाही. का, ते आम्ही विचारलं नव्हतं.

---

रावपुरा | शुक्रवार, दुपारी १२.०५

मावशी, आईचा फोन नंबर व्यनि केला आहे. ती जेवायची थांबली आहे. आधी तुझ्याशी बोलायचं म्हणते.